उधन्याच्या डब्ब्यातली माय

गाव मी दोनदा सोडलं. पहिल्यांदा दोंडाईचा स्टेशनवर माय रडली, आबांनी खिशात तिकीट कोंबलं, आणि सुरतची म्हणून मी जी गाडी पकडली ती निघाली भुसावळची. संध्याकाळी परत घरात हजर. माय पुन्हा डोळे पुसायला लागली, पण आता हसून हसून. दुसऱ्या दिवशी आबा थेट डब्यापर्यंत आले. "आते तरी बरोबर गाडीमा बठ," म्हणाले, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज सोडला नाही. तुमच्यातले बरेच जण सुरतेच्या उधन्याला एका दमात पोहोचले असतील. असू दे, हुशार माणसं तुम्ही.

उधन्यात कापडाच्या लूमवर लागलो. तिथं एवढा खडखडाट की हातवारे करूनच बोलायचं. माझे हातवारे बघून लोक हसायचे, म्हणून नाव पडलं जोकर. शेजारच्या खोलीत भरतभाई राहायचे. त्यांचं मोबाईलचं दुकान, मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचे. त्यांनी आपला जुना कॉम्प्युटर मला दिला आणि त्यात एक प्रोग्राम टाकला. म्हणाले, तुझ्या डब्ब्यात, म्हणजे ह्या कॉम्प्युटरात, जे आहे ते दुसरा कोणी घेणार, त्याच्यातलं तू घेणार, मध्ये दुकानदार नाही. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसं, फक्त शेजारीण ब्राझीलला. मला इंग्रजी लिहिता येईना, म्हणून तिथलं माझं नाव त्यांनीच टाकलं, 'उधना जोकर'. मग काय, रविवारी एक गाणं उतरायला लावायचं आणि दिवसभर त्याच्यापुढं बसायचं, दूध उतू जाईल म्हणून बसतात तसं. लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

एका श्रावणात गावी गेलो. घरात बसवायच्या कानबाई देवीच्या रोटाचं, म्हणजे नैवेद्याचं, दळण चाललं होतं. माय जात्यावर कानबाईचं गाणं म्हणत होती, ते मी मोबाईलमध्ये भरलं. मध्येच तिची नजर माझ्यावर पडली. गाणं तोडून म्हणाली, "तू जेवना का रे पोऱ्या?" आणि लगेच पुढची ओळ.

उधन्याला आल्यावर ते कॉम्प्युटरमध्ये टाकलं. त्यानं नाव विचारलं. तिथं आधीपासून एका चालू पिक्चरच्या नाचाच्या गाण्याचं नाव होतं, मी तेच राहू दिलं. झालं. जगभरची माणसं नाचायला म्हणून माझी माय घेऊन गेली. प्रोग्राममध्ये इंग्रजीतून चिठ्ठ्या यायला लागल्या, भरतभाई वाचून दाखवायचे. एकानं शिव्या दिल्या. एकानं विचारलं, ही बाई कोणावर ओरडते? आणि एक म्हणाला, हिचं अजून काही असेल तर दे.

मग तापीचं पाणी खोलीत शिरलं. कॉम्प्युटर, मोबाईल, सगळं चिखलात गेलं, भंगारवाल्यानं नेलं. पुढं नेट स्वस्त झालं, ज्याच्या त्याच्या हातात फोन, बोट लावलं की गाणं वाजतं. कोणाचं कोणाकडून घ्यायची गरज राहिली नाही. माझे सोबती तो प्रोग्राम विसरले, मीही विसरलो. आणि माय गेली.

यंदा श्रावणाच्या तोंडावर बहिणीचा, कमलचा फोन आला. आबा हटून बसले होते. मायच्या गाण्याशिवाय कानबाई बसवायची नाही, ह्या घरातली बंद. कमलला अर्ध्याच ओळी येत होत्या. मी आणतो म्हणालो. माझं तोंड नेहमी माझ्या पुढं चालतं.

भरतभाई म्हणाले, त्या प्रोग्राममध्ये आता भूतंच राहत असतील. तरी सुटीच्या दुपारी येऊन त्यांनी तो माझ्या नव्या कॉम्प्युटरमध्ये टाकला. पूर्वी नावांची जत्रा असायची, आता ओसाड. त्या पिक्चरच्या गाण्याचं नाव टाकलं. बराच वेळ काही नाही. मग एक ओळ आली. ज्याच्याकडं ती फाईल होती त्याचं नाव शेजारी होतं. उधना जोकर.

भरतभाईंचा मावा तोंडातच राहिला. "तारो डब्बो तो भंगारमां गयेलो ने?"

मी मान हलवली. कोणीतरी आतली डिस्क सुकवून वापरत असेल, असं ते म्हणाले, आणि त्यांना दुकानाचं काहीतरी काम आठवलं. मी एकटाच राहिलो. फाईल भराभर आली, जणू मधल्या भिंतीपलीकडून कोणी हातात देत होतं. पूर्ण झाली तसं ते नाव विझलं. मग कितीदा शोधलं, पुन्हा दिसलं नाही.

गावी कानबाईपुढं गाणं लावलं. कमलनं ओळी उचलल्या, बाकीच्या बायांनी धरल्या. गाणं तुटून मायनं जेवणाचं विचारलं. कोपऱ्यातून आबा म्हणाले, "जेवनू वं, जेवनू." त्या दिवशी त्यांचा उपास होता.

उधन्याला परत आलो. त्या प्रोग्रामची रीत अशी की घेतलेलं आपल्याकडून पुढं जातं. बघतो तर कोणीतरी माझ्याकडून ती फाईल घेत होतं. नावाच्या जागी कोरं. माय विचारते तिथपर्यंत फाईल उतरल्याची पट्टी भरते, थांबते, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. रोज. मी चिठ्ठीही टाकली, भाऊ कोण तू, कुठला. माझी बायको त्या डब्ब्यावर चादर टाकून ठेवते, पण बटणाला तीही हात लावत नाही.

लोक विचारतात, गावी परत कधी जाणार, घर तिकडंच ना? आधी मीही तिकडंच बोट दाखवायचो. आता सुटी घेताना आधी शेजाऱ्यांना सांगतो, लाईट जाऊन आली तर येऊन डब्बा चालू करा. पलीकडं कोण आहे माहीत नाही. पण माय त्याला जेवायचं विचारते आहे, आणि जेवलो की नाही, हे त्याचं अजून सांगून झालेलं नाही.