उमाबाईंच्या नातीचं नाव

दीपालीनं ते वाक्य ऐकलं आणि ती टाइप करायची थांबली.

"ॲरेतला पहिला ऑब्जेक्ट शून्य नंबरचा," परंड्याच्या कॉलेजात सर दुसऱ्याच कुणाला तरी रागावत होते. "लूप एकपासून सुरू केलंस, तर पहिला राहूनच जाणार."

तिनं स्वतःचा प्रोग्रॅम उघडला. तिचंही लूप एकपासूनच सुरू होत होतं.

तिची आई सीताबाई सोनारी गावात आशाताई, बाळांच्या लसींची नोंद वहीत ठेवणारी. आईला सारखी वही चाळावी लागू नये म्हणून दीपालीनं जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत यादी केली होती. प्रत्येक बाळाचा एक ऑब्जेक्ट: नाव, जन्मतारीख, राहिलेली लस. असे सव्वीस ऑब्जेक्ट एका ॲरेत, म्हणजे नंबरवार एका रांगेत. लूपनं एकेक बाळ तपासायचं आणि लस राहिली असेल त्याचं नाव छापायचं. छापलेला कागद तिनं कालच आईच्या हातात दिला होता, आणि लसीकरण आजच होतं. वहीतलं पहिलं नाव उमाबाईंच्या नातीचं, नऊ महिन्यांची, गोवराची लस राहिलेली. ते घर मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी दूर आजच निघणार होतं.

आई फोन उचलेना. प्रॅक्टिकल अर्धंच टाकून दीपाली गावाकडच्या जीपमध्ये बसली. जीप भरेपर्यंत ती तीनदा खाली उतरली, तीनदा चढली.

अंगणवाडीत लसीकरण आटोपून आई आवराआवर करत होती.

"आई, उमाबाईंची नात?"

"सकाळी आल्ती बाई पोरीला घिऊन. यादीत नाव न्हाय म्हनून म्याच परत धाडली. मला आठवत व्हतं गं तिची राहिलीय म्हनून. पर म्हनलं, मशीन कशी चुकंल?"

"मशीन नाही, मी चुकले."

सीताबाईनं वही उघडून पहिल्याच नावावर बोट ठेवलं. लस टोचायला आलेल्या सिस्टर लसीचा डबा घेऊन उठल्या. "दीपाली, बस गाडीवर. डब्यातला बर्फ टिकतोय तोवर त्यांना गाठू."

दोन कोसांवर ओढ्याकाठी कळप दिसला. उमाबाई घोड्यावरचं ओझं आवळत होत्या.

"सकाळी नाव नव्हतं, आन् आता कुठनं आलं?"

"मावशी, नाव होतं. माझ्या हातनं छापायचं राहिलं. आईचा दोष नाही."

म्हातारीनं तिच्याकडं रोखून बघितलं, मग पोरीला पुढं केलं. सुई टोचताच पोर कळवळून रडली.

"लसीचा काही त्रास होतो का बघायला आता अर्धा तास हितंच थांबायचं," सिस्टर म्हणाल्या.

कळप पुढं निघाला. उमाबाई पाठमोऱ्या मेंढरांकडं बघत चुळबुळत राहिल्या, आणि दीपाली दर मिनिटाला पोरीच्या कपाळाला हात लावत राहिली.

संध्याकाळी तिनं लूपमध्ये एकाच्या जागी शून्य केलं आणि यादी पुन्हा छापली. तरी जीव थाऱ्यावर येईना. तिनं आईला वही काढायला लावली आणि वहीशी ताडून बघायला नव्या यादीतलं एकेक नाव मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.