जिना तोडल्यानंतरचे सात आठवडे

बाबांनी मला एकदाच विचारलं होतं, "परवानगी घेतली काय?" मी कणीक मळत होते. हात न थांबवता म्हणाले, "घेतली, बाबा." त्यांनी मान हलवली आणि पेपर पुन्हा उघडला. मी घेतली नव्हती.

बाबा रेल्वेत रुळांच्या देखभालीवर होते. अकोल्याकडचा माणूस बदल्या होत होत जयपूरला आला आणि निवृत्तीनंतर इथेच राहिला. जगतपुऱ्यात त्यांनी आधी खालचा मजला बांधला, मग वरचा. आईला हिवाळ्यात ऊन हवं असायचं, म्हणून आम्ही वर राहायला गेलो आणि खालचं घर भाड्यानं दिलं. भाडेकरू नवरा-बायको जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. भाऊ पुण्याला असतो. आईबाबांजवळ मी एकटीच. मी एका शाळेत गणित शिकवते.

वर जायला घराच्या कुशीला एक लोखंडी जिना होता. आमची भिंत आणि शेजाऱ्यांचं कुंपण यांच्यामध्ये जी मोकळी पट्टी सोडलेली असते, तिथे. अरुंद आणि खडा. आईचे गुडघे गेले तेव्हापासून ती त्या जिन्यावरून पाठमोरी उतरायची, बाळ पलंगावरून उतरतं तशी. मागच्या दिवाळीनंतर बाबांचा पाय दोन पायऱ्यांवरून सटकला. हाड मोडलं नाही, पण मी त्याच दिवशी ठरवलं की हा जिना काढायचा आणि रुंद, सिमेंटचा, बुटक्या पायऱ्यांचा जिना घालायचा.

ठेकेदाराला मी परवानगीचं विचारलं होतं. तो म्हणाला, सीढ़ी तो मरम्मत में आती है, मैडम. मला ते ऐकायचंच होतं. परवानगी म्हणजे नकाशा, वास्तुविशारद, कार्यालयाच्या चकरा. आणि माझी शाळेची रजा सगळी बाबांच्या पायाच्या दुखण्यात संपली होती. मी ठेकेदाराला एवढंही सांगून ठेवलं की कोणी विचारलं तर परवानगी आहे म्हणायचं.

बाबांशी खोटं बोलायचं कारण वेगळं होतं. त्यांच्या नोकरीत लेखी ब्लॉक मिळाल्याशिवाय, म्हणजे तेवढा वेळ गाडी येणार नाही असा कागद हातात पडल्याशिवाय, रुळाला कोणी पाना लावत नसे. तीसपस्तीस वर्षं त्यांनी तसं काम केलं. परवानगी नाही म्हटलं असतं तर त्यांनी जिन्याला हात लावू दिला नसता.

मार्चच्या सुरुवातीला काम सुरू झालं. एका सकाळीत लोखंडी जिना गॅस कटरनं कापला गेला आणि भंगारवाल्याच्या गाडीत गेला. माझ्यासाठी ठेकेदारानं गच्चीला बांबूची शिडी टेकवली. जिना जिथे येऊन मिळायचा त्या दारात आता थेट खाली पोकळी होती, म्हणून तिथे एक आडवी फळी ठोकली. आठवड्याभरात नवीन जिना चढण्याजोगा होईल, तोवर आईबाबांनी वरच राहायचं, असं ठरलं. आईनं डाळ-तांदूळ भरून घेतले. तिला ते थोडं सहलीसारखं वाटत होतं.

चौथ्या दिवशी खड्डे भरून खांबांच्या सळया उभ्या राहिल्या. पाचव्या दिवशी मी शाळेतून आले तर काम बंद होतं. बांधकाम परवानगीच्या कार्यालयातून माणूस येऊन गेला होता. त्यानं फोटो काढले, मजुरांना थांबवलं आणि फाटकावर नोटीस चिकटवली. विनापरवानगी बांधकाम, सोडलेल्या मोकळ्या जागेत. काम तत्काळ थांबवा, पुढे केल्यास सील करण्यात येईल.

मी शिडीनं वर गेले. बाबा फळीपाशी खुर्ची टाकून बसले होते. नोटीस भाडेकरूंनी त्यांना खालून वाचून दाखवली होती. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "चहा घे. आईनं ठेवला आहे." त्यापलीकडे काही नाही. पुढे कितीतरी दिवस नाही.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात गेले. तिथला कनिष्ठ अभियंता माझ्यापेक्षा बराच लहान होता आणि मला मॅडमजी म्हणत होता. त्यानं कोऱ्या कागदावर आमच्या घराची चौकट काढली. रंग, प्लास्टर, फरशी, दार-खिडकी बदलणं, आतली मोरी दुरुस्त करणं, हे तुमचं तुम्ही करा, असं त्यानं सांगितलं. पण भार घेणारी भिंत, खांब, स्लॅब यांना हात लावायचा असेल, मजला किंवा खोली वाढवायची असेल, चौकटीबाहेरच्या मोकळ्या जागेत काही पक्कं उभं करायचं असेल, तर आधी नकाशा मंजूर करून घ्यायचा. त्या मोकळ्या जागेतून दोन्ही घरांना हवा-उजेड मिळतो, आणि आग लागली तर आत शिरायला तेवढीच वाट असते. मी त्याला सांगितलं की वर दोन म्हातारी माणसं अडकली आहेत, निदान जुना जिना तरी परत लावू द्या. तो खरंच विचारात पडला. जुन्या मंजूर नकाशात जिना कुठे दाखवला आहे ते आणा, म्हणाला. नकाशा बाबांच्या कपाटात होता, आणि तो मागायचा म्हणजे खोटं कबूल करायचं, म्हणून मी मागितला नाही.

तक्रार शेजारच्या बाईंनी केली होती, हे ठेकेदाराकडून कळलं. मी तणतणत त्यांच्याकडे गेले. आमची तशी ओळख होती. सणाला ताटं इकडून तिकडे जायची. त्यांनी दार उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि मला थेट आतल्या खोलीत नेलं. त्यांचे यजमान पलंगावर होते. पक्षाघात झाला आहे एवढं मला माहीत होतं. पण आम्ही सगळे तब्येत दारातूनच विचारायचो. त्या खोलीला एकच खिडकी होती. ती आमच्या त्या पट्टीत उघडत होती आणि तिच्यात आमच्या सळया उभ्या होत्या, गजांसारख्या. त्यांच्यामागे जिन्याची भिंत यायची होती. त्यांचे यजमान तिकडेच बघत होते. त्यांना मान दुसरीकडे वळवता येत नव्हती.

मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, ठेकेदाराला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, मॅडमकडे परवानगी आहे. मग त्या म्हणाल्या, "मैंने आपके ख़िलाफ़ नहीं लिखा, बेटी. खिड़की के लिए लिखा."

त्या पाणी आणायला आत गेल्या तेवढ्यात मी निघून आले.

आठवडा संपला, दुसरा आला. भाजीवाल्याची टोपली दोरीनं वर यायची. गॅसचं सिलिंडर भाडेकरूंनी आणि दोन मजुरांनी ओढून घेतलं. ऊन तापायला लागलं. एरवी या दिवसांत आईबाबा संध्याकाळी खाली कडुनिंबाखाली बसायचे, आणि येणारे-जाणारे फाटकापाशी थांबायचे. आता लोक रस्त्यावरून मान वर करून बोलायचे आणि मान दुखली की निघून जायचे. आईला रक्तदाबाच्या गोळ्या बदलून हव्या होत्या. डॉक्टरांनी फोनवर तिचा चेहरा बघून बदलून दिल्या. बाबा खोलीतून गच्चीत, गच्चीतून खोलीत फेऱ्या मारायचे. दारातल्या फळीपाशी येऊन दर वेळी थांबायचे. मी शिडीवरून चढ-उतार करत होते आणि दर वेळी माझ्यावर दोघांची नजर असायची. मी पडेन या काळजीनं ते बघत होते हे कळायचं मला. पण मला ते आरोपासारखं वाटायचं. शाळा सुटल्यावरही मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसायला लागले.

याच काळात बाबांचे एक जुने मित्र वारले. दोघं रेल्वेत एकाच गँगवर, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या एकाच तुकडीत होते, एकाच वर्षी जयपूरला आले होते. मित्र राजा पार्कजवळ राहायचे. इथल्या आमच्या विदर्भातल्या बौद्ध कुटुंबांत कुठेही लग्न असो की मयत, त्रिशरण-पंचशील बाबाच म्हणायचे. मित्राच्या मुलाचा सकाळी फोन आला आणि त्यानं गृहीतच धरलं होतं की काका येतील.

बाबांनी पांढरा सदरा घातला, बूट घातले आणि फळीपाशी खुर्चीत बसले. मी म्हणाले, खुर्चीला दोर बांधून चार माणसं तुम्हाला अलगद खाली घेतील, मी मजुरांना बोलावते.

"सामानासारखा नाही उतरणार मी," ते म्हणाले. मग शिडीकडे बघत राहिले. ते शिडीवर पाय टाकतील अशी मला भीती वाटली. आई त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिनं त्यांच्या दंडाला धरलं. शेवटी बाबा म्हणाले, "तू जा. फोनवर म्हणतो मी."

मोक्षधामात मी फोन हातात उंच धरून उभी होते. बाबांचा आवाज सुरुवातीला स्पष्ट आला. सगळे त्यांच्यामागून म्हणत होते. अर्ध्यावर आवाज तुटला, पुन्हा आला, मग गेलाच. मी नंबर पुन्हा पुन्हा लावला, पण तो लागतच नव्हता. नागपूरचा एक तरुण, इथे आयटी कंपनीत आहे, तो पुढे झाला आणि मोबाईलवर वाचून त्यानं उरलेलं पूर्ण केलं. त्याचे उच्चार चांगले होते.

घरी आले तेव्हा आईनं हळू आवाजात सांगितलं की बाबांना लाइन तुटल्याचं कळलं नव्हतं. ते उभे राहून, हात जोडून, शेवटपर्यंत म्हणत राहिले. तिनंही त्यांना सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. बाबांनी विचारलं, "नीट ऐकू आलं काय सगळ्यांना?" मी म्हणाले, "आलं." ते दुसरं खोटं. पण पहिलं आता मला गिळता येईना.

त्यांच्यासमोर पाटावर बसून मी सगळं सांगितलं. परवानगी मागितलीच नव्हती, ठेकेदाराला खोटं बोलायला मीच सांगितलं, शेजारच्या खिडकीचं. फोनचं तेवढं सांगितलं नाही.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"केव्हापासून?"

"तू कणीक मळत होती तेव्हापासून. तू माझ्याकडे पाहिलं नाही." पुढे म्हणाले, "मी पुन्हा विचारायला पाहिजे होतं. मलाही जिना हवा होता."

मग ते उठले आणि लोखंडी कपाटातून जुन्या मंजूर नकाशाची गुंडाळी काढून आणली. आम्ही ती जमिनीवर पसरली, कोपऱ्यांवर डबे ठेवले. नकाशात जिना कुशीला नव्हताच. तो पुढच्या व्हरांड्यात होता, घराच्या चौकटीच्या आत. मी बाबांकडे बघितलं. आईला व्हरांडा मोकळा हवा होता, ते म्हणाले, आणि लोखंडी जिना दोन दिवसांत होत होता. "तेव्हा मीसुद्धा कोणाला विचारलं नाही."

आई म्हणाली, "आता माझ्यावर काहून टाकता?" त्या महिन्यात पहिल्यांदा आम्ही तिघं हसलो, पण फार वेळ नाही.

तो नकाशा घेऊन मी कार्यालयात गेले. कुशीचा लोखंडी जिना नकाशात नव्हताच, त्यामुळे तो परत लावू देता येणार नव्हता. व्हरांड्यातल्या जिन्याला मात्र वाट होती. तरी वेळ लागलाच. वास्तुविशारदानं नवा नकाशा केला. मालकीच्या कागदाची एक प्रत फिकी निघाली, ती पुन्हा दिली. कुशीतलं अर्धवट काम काढून जागा पूर्ववत केल्याचे फोटो मागितले, ते दिले. सळया कापल्या त्या दुपारी शेजारच्या बाई खिडकीत येऊन उभ्या होत्या. आम्ही एकमेकींना नमस्कार केला. भाडेकरूंना अर्धा व्हरांडा सोडावा लागला. त्यांनी कुरकुर केली आणि सोडला.

सात आठवड्यांनी नवा जिना चढण्याजोगा झाला. रुंद, दोन्ही बाजूंना कठडा, मध्ये टेकायला जागा. शाळेत कोणी घराचं काम काढलं की आता माझ्याकडे येतं. मी सांगते, खांब, स्लॅब, मोकळी जागा यांच्याजवळ जाणार असाल तर आधी कागद. आणि जुनं काही तोडण्याआधी तर नक्कीच. ते मान हलवतात. अर्धेजण ठेकेदाराचंच ऐकतात.

बाबा पहिल्या दिवशीच उतरले. रिक्षा बोलावून राजा पार्कला मित्राच्या घरी जाऊन आले.

आई उतरली नाही. आज पाय दुखतोय, म्हणाली. उद्या बघू. आठवड्यानं मी तिला हात धरून पहिल्या पायरीपर्यंत नेलं. तिनं कठड्यावर हात ठेवला, खाली बघितलं आणि म्हणाली, "चांगला झाला आहे," आणि वळून आत गेली. सात आठवड्यांत तिनं वरच्या तीन खोल्यांत स्वतःला असं काही बसवून घेतलं होतं की आता खालचं अंगण तिला परकं वाटत होतं. टोपली ती अजूनही दोरीनंच सोडते. भाजीवाला खालून विचारतो, माताजी, अब तो सीढ़ी बन गई? ती म्हणते, हो, बन गई, आणि दोरी ओढून घेते.