बॉनेटखालचं लिंबू

पळस्प्याच्या सिग्नलला लिंबू-मिरचीवाली काचेपाशी आली, की तो आंबट वास नाकात शिरतो आणि मला बाबांची जुनी गाडी आठवते.

अडीच लाख किलोमीटर पळालेली ती गाडी सारखी दुसऱ्या गिअरमध्येच अडकू लागली होती. गॅरेजवाल्याने हात झटकले. "ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला, काका. भंगारात काढा." बाबा एवढंच म्हणाले, "नाय देनार."

मला मात्र एक गोष्ट छळत होती. दिवे लावले, की ते मिणमिणायचे आणि गिअर हमखास अडकायचा. ऑटोमॅटिक गिअरही विजेवरच बदलतात; दोघांनाही वीजच पुरत नसेल तर? मी अंगणात बॉनेट उघडलं. बॅटरीची अर्थिंगची वायर ज्या बोल्टने गाडीच्या अंगाला आवळली होती, त्याच बोल्टला बाबांनी लिंबू-मिरची बांधलेली. बाहेर टांगली की पोरं पळवायची, म्हणून आत! वर्षानुवर्षं लिंबाचा रस पिऊन बोल्ट गंजून लालसर पडला होता. मी तो सँडपेपरने चकचकीत घासला आणि वायर पुन्हा घट्ट आवळली.

नेऱ्याच्या रस्त्यावर दिवे लख्ख पेटले. तिसरा गिअर पडला, मग चौथा! मी आनंदाने ओरडलेच, "बाबा, तुमचं लिंबूच नडत होतं!"

बाबा खिडकीत कोपर टेकून राजासारखे बसले होते. "नजर लिंबानं बोल्टावर घेतली, पोरी. गिअरबॉक्स शाबूत हाय ना?"

तेव्हा वाटलं होतं, मीच जिंकले. आज बाबा नाहीत. सिग्नल सुटायच्या आत मी अर्धवट उघडी काच पूर्ण खाली करते आणि एक लिंबू-मिरची घेते. बांधते मात्र बंपरला.