काढून टाकलेली बरोबरची खूण

तपासनीसबाईंच्या नाकावर कायम राग असतो, असं त्यांचं सगळं माहेर सांगतं. तो का असतो, हे विचारायची तसदी मात्र कोणी घेतलेली नाही.

औषधाच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो ना, मुंगीएवढ्या अक्षरांचा, तो छापण्याआधी वाचून चुका काढायचं काम बाई घरून करतात. दोन गोळ्यांच्या जागी वीस छापलं गेलं तर कोणाच्या तरी जिवावर बेतायचं. अशा कामात असताना बाईंची नजर गेली, तीही नेमकी मधोमध. कडेचं दिसे, समोरचं पुसल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं सांभाळा.

बाईंनी सांभाळलं. त्यांच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं आणि त्यात डेस्कटॉपच्या नखऱ्यांचा एक प्रोग्राम होता. हौशी लोक त्यावर खिडक्या डुलवतात, पडदा गरागरा फिरवतात. बाईंनी त्यातल्या दोनच गोष्टी उचलल्या. माऊसचं चाक फिरवलं की अक्षर तळहाताएवढं होई, आणि एका बटणासरशी काळ्यावर पांढरं उमटे. त्या दोन गोष्टींवर त्यांची भाकरी आणि त्यांचा ताठ कणा उभा होता.

मग अपडेट आलं. ते केलं धाकट्या भावानं. तो एका कंपनीत कॉम्प्युटरच सांभाळतो आणि स्वतःच्या घरून बाईंच्या मशीनमध्ये शिरायची सोय त्यानंच करून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी बाईंनी मशीन लावलं, चाक फिरवलं. ढिम्म.

"अपडेटनंतर ते आपोआप सुरू होत नाहीये ताई, नव्या व्हर्जनचा घोळ आहे," भाऊ फोनवर म्हणाला. "शोभेच्या गोष्टींचं असंच असतं. रोज सकाळी मला फोन कर, मी इथून चालू करून देईन."

"शोभेच्या?" बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझ्या चष्म्याला शोभा म्हणू का मी? कसं चालू करायचं ते मला सांग."

"तुला दिसणार नाही गं. उगाच भलतंच काहीतरी मोडून ठेवशील."

तेव्हापासून बाईंची सकाळ भावाच्या मर्जीवर गेली. तो अंघोळीला गेला, बाई थांबल्या. तो गाडी चालवतोय, बाई थांबल्या. भावजय फोन उचलून गोड आवाजात म्हणे, "ते जेवतायत हो, जरा दमानं घ्या." इकडे छापखान्याचे मालक, "बाई, झेपत नसेल तर सांगा, दुसरं माणूस बघतो." आणि भाऊ चार पाहुण्यांत कॉलर ताठ करून सांगे, "ताईचे डोळे म्हणजे आता मीच." कायमचं नीट कर म्हटलं की "बघतो" म्हणायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी एका रविवारी बाईंनी हातातलं भिंग पडद्याला टेकवलं आणि सेटिंग्ज एकेक अक्षर करत वाचायला घेतल्या. मान आखडली, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, तोंडानं भावाचा उद्धार चालूच होता. मशीनबरोबर आपोआप काय काय सुरू व्हावं, त्याची तिथे नोंद असते. नखऱ्यांचा प्रोग्राम त्यात जागच्या जागी होता. त्याच्यापुढची बरोबरची खूण तेवढी कोणीतरी काढली होती.

बाईंनी खूण केली, मशीन पुन्हा लावलं. पडद्यावर सूचनेची चौकट आली, 'प्रोग्राम सुरू होऊ शकला नाही.' तोच हातानं चालवून पाहिला, तर मुकाट्यानं चालला. म्हणजे प्रोग्राम धडधाकट होता, डेस्कटॉप उभा राहायच्या आधीच धावत सुटत होता एवढंच. बाईंनी त्याच्याआधी दहा सेकंद थांबायची आज्ञा लिहिली आणि पुन्हा मशीन लावलं. अक्षर तळहाताएवढं झालं. मग त्यांनी फोन उचलला.

"खूण तू काढलीस?"

"ती चौकट सारखी येत होती गं. ती दिसू नये म्हणून..."

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला! आणि मला सांगितलंस व्हर्जनचा घोळ?"

"नंतर सावकाश बघणार होतो. मग तू रोज फोन करायला लागलीस. त्याआधी कधी करायचीस का, ताई?"

"म्हणून मला रोज सकाळी आंधळी करून ठेवायचास? आणि वर डोळे दिल्याचा मोठेपणा मिरवायचास?" बाईंचा आवाज फाटला. त्यांनी फोन आपटला आणि त्याला आत शिरू देणारा प्रोग्राम शोधून त्याच्यापुढची खूण काढून टाकली.

सोमवारी कामाला बसल्या तोच फोन वाजला.

"ताई, तुझं मशीन मला इथून दिसत नाहीये."

"दिसणारही नाही. बोलायचं असेल तर बोल, नाहीतर ठेव."

तो बोलेना, आणि ठेवीही ना. बाईंचा राग तसूभरही उतरला नव्हता. त्यांनी फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला आणि चाक फिरवून पहिली ओळ मोठी केली.