देशकरांच्या घराचं मीटर

गोष्टींच्या बाबतीत मंदाकिनी गजभिये यांची मतं पक्की होती. गुन्हेगार शेवटच्या पानावर पहिल्यांदा भेटला, तर तो लेखक लबाड. भुताच्या गोष्टीत भूत दिसलं की गोष्ट मेली. आणि विज्ञानकथा? "माणसं कमी न् नटबोल्ट जास्त."

रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त होऊन त्या रायपूरच्या चौबे कॉलोनीत एकट्या राहत. मुलगी दीक्षा नागपूरला. शेजारी रामकृष्ण देशकर, पाटबंधारे खात्यातले जुने ड्राफ्ट्समन. बायको गेलेली, मूलबाळ नाही, आणि विज्ञानकथांचं वेड. दोघं पुस्तकं बदलून वाचत आणि कुंपणाशी उभे राहून त्यावर भांडत.

"बाई, तुमच्या रहस्यकथेत शेवटी सगळं ठीक होते, म्हणून तुमाले झोप लागते," देशकर म्हणत. "माझ्या पुस्तकात मशीन नाही बिघडत, माणूस बिघडते."

"मंग मशीन कायले पाह्यजे त्यात?"

देशकर हसत. पुस्तक परत करताना आपलं मत लिहिलेली चिठ्ठी ते आत ठेवायचेच.

वेगळं राज्य होऊन सहा महिने झाले होते. रायपूर राजधानी झालं आणि अनोळखी माणसं फाटकाशी थांबून विचारू लागली, "मकान बेचना है क्या?" देशकरांचं ठरलेलं होतं. आपल्यामागं घर वाचनालयाला.

मे महिन्यात त्यांचा पुतण्या सुशील भिलाईहून राहायला आला. आठवड्याभरानं तो मंदाकिनीबाईंचं पुस्तक घेऊन दारात उभा राहिला. "मौसी, काका अमरावती गए हैं. ये आपकी किताब."

पुस्तकात चिठ्ठी नव्हती. आणि उन्हाळ्यात जवळच्या ब्राह्मणपाऱ्यापर्यंतही न जाणारा माणूस अमरावतीला गेला?

दीक्षा फोनवर म्हणाली, "आई, पुस्तकं जरा कमी वाच."

बाईंना स्वतःचीच लाज वाटली. तीन दिवस त्या कुंपणाकडे फिरकल्याही नाहीत.

शनिवारी दुपारी सुशील कुलूप लावून स्कूटरवर निघून गेला. बाई कुंपणापलीकडच्या नळाला पाणी आहे का बघायला गेल्या, तर देशकरांच्या व्हरांड्यातल्या मीटरची चकती फिरत होती. फ्रीज तर होळीपासून बंद पडलेला. पंखा राहिला असेल चालू, असं म्हणून त्या वळणार, तेवढ्यात चकती थांबली.

वीज गेली नव्हती. त्यांच्या घरातला कूलर घरघरत होता. चकती पुन्हा फिरू लागली. पुन्हा थांबली. बाहेर कुलूप, आणि आत कोणीतरी बटण दाबत होतं. तापलेल्या फरशीवर पाय पोळत होते, तरी बाईंना हलता येईना.

मग त्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या भैय्यालालकडे धावल्या. "भैया, कुलूप तोडा."

"दीदी, पुलिस केस हो जाही."

"हव, होऊ दे."

मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. आत खाटेवर देशकर पडले होते. तोंड वाकडं झालेलं, उजवं अंग लुळं, उशाचा तांब्या कोरडा. डावा हात भिंतीवरच्या बटणावर होता. बाईंना पाहून त्यांनी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. लुळ्या हाताच्या अंगठ्याला निळी शाई लागलेली होती.

डॉक्टर म्हणाले, झटका येऊन आठ दिवस तरी झाले असतील. सुशीलनं पोलिसांना शांतपणे सांगितलं, "इलाज घर पे ही चल रहा था. लोग आके परेशान करते, इसलिए अमरावती बोला." मग त्यानं मृत्युपत्र काढलं. खाली अंगठा, बाजूला दोन साक्षीदारांच्या सह्या. ज्याला विचारायचं त्याची वाचा गेलेली.

बाई रोज दवाखान्यात जाऊन वाचून दाखवत. एकदा एका रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण त्यांनी उघडलं, तर देशकरांनी डावा हात पानावर ठेवला आणि उचललाच नाही. बाईंनी पुस्तक मिटलं. त्यानंतर त्यांनी फक्त विज्ञानकथा नेल्या. चार महिन्यांनी देशकर गेले. घर सुशीलचं झालं.

त्यानं वरचा मजला चढवला आणि भाड्यानं दिला. सकाळी कुंपणाशी भेटला की तो वाकून म्हणतो, "नमस्ते मौसी." कॉलोनीतले लोक म्हणतात, पोट्टा नम्र आहे.

परवा तो मिठाईचा डबा घेऊन आला. "मौसी, आप अकेली रहती हो. इतना बड़ा प्लॉट है. कुछ सोचा है?"

"दीक्षाच्या नावानं केलं हाय मी," बाई खोटं बोलल्या.

"अच्छा? कब किया?" त्यानं अगदी मऊ आवाजात विचारलं.

बाईंनी डबा न घेता दार लावलं आणि कडी घातली. पडद्याच्या फटीतून पाहिलं, तर तो फाटकाशी उभा राहून त्यांच्या घराची लांबी-रुंदी न्याहाळत होता.