सवतीची धार

कलमवाल्याच्या चाकूला त्याची बायको सवत म्हणायची. लग्न झाल्यापासून म्हणायची. सकाळी चपलेत पाय घालायच्या आधी तो खिसा चाचपायचा, चाकू जागेवर आहे ना ते बघायचा आणि मगच दाराबाहेर पडायचा. "मला विसराल एक वेळ, पण तिला नाही विसरायचे," असं ती पाठीमागून ऐकवायची आणि तो हसत निघून जायचा. थट्टेत बोललेलं असं शब्दशः खरं झालं की माणसाने हसावं की रडावं? कलमवालीला तरी अजून ते ठरवता आलेलं नाही.

नर्सरीत त्याचं काम डोळे भरण्याचं. रानगुलाबाच्या खुंटाला आडवी-उभी चीर द्यायची, साल हलकेच उचकटायची, चांगल्या गुलाबाचा डोळा आत बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. हात असा बसलेला, की त्याने भरलेला डोळा सहसा वाया जात नसे. त्याच्या हाताखाली कितीतरी जण शिकून गेले. सगळे त्याला कलमवाले म्हणत, म्हणून बायको आपसूक कलमवाली झाली.

मग डोक्याने दगा दिला. आधी माणसांची नावं गेली, मग रस्ते गेले, मग कामही गेलं. हात मात्र स्वस्थ बसेनात. खुर्चीच्या पायांना चिरा पडल्या, दाराच्या चौकटीला चिरा पडल्या. कलमवाली कुरकुर करायची आणि सोडून द्यायची, लाकडाला काय दुखतंय म्हणून. एका दुपारी मात्र तो तिच्या शेजारी येऊन बसला, तिचं मनगट हातात घेतलं, आतली बाजू अंगठ्याने चाचपली आणि चाकू उघडला. "अहो, मी आहे," एवढंच ती म्हणाली. त्याने आडवी-उभी चीर दिलीसुद्धा. नेमकी तेव्हाच लेक आत आली म्हणून तेवढ्यावर निभावलं. लेकीने चाकू हिसकावला आणि तो तसाच कचऱ्याच्या गाडीत टाकून आली. तिला कोण दोष देणार?

पण तेव्हापासून तो खिसेच चाचपत बसला. "माझा चाकू पाहिलास का?" ताटावरून उठून विचारायचा आणि परत ताटावर यायचाच नाही. अंगावरचे कपडे लोंबायला लागले. लेकीने बाजारातून एक खेळण्यातला म्हणावा असा चाकू आणला. त्याने तो उघडला, पातं डगडग हललं, तसा त्याने तो अदबीने टेबलावर ठेवला. "कुणीतरी विसरून गेलंय," म्हणाला, आणि हात पुन्हा खिशात. डोकं गेलं तरी हातांना अजून सगळं कळत होतं. त्या हातांना फसवायचं तर खरा, चांगला चाकू हवा, हे कलमवालीच्या लक्षात आलं. म्हणून एके दिवशी लेकीला घरी बसवून ती स्वतः सवत विकत घ्यायला बाहेर पडली.

सुऱ्या-कात्र्यांचं दुकान होतं. चष्मा कपाळावर चढवलेल्या दुकानदाराने विचारलं, "घडीचा चाकू कशाला हवाय? दोरी कापायला, फळं कापायला?"

"खिशात बाळगायला. चांगला हवा, पण फार महागातला नको."

"मग मुठीच्या नक्षीवर पैसे घालवू नका, तो नुसता थाट." त्याने काचेवर एकेक चाकू मांडायला सुरुवात केली. "पातं उघडून असं बाजूला हलवून बघायचं. खिळ्यात हललं तर तो चाकू कामातून गेला. मिटलेलं पातं मुठीत मधोमध बसतंय का बघा, कडेला घासायला नको. आणि ही पाठीची स्प्रिंग. उघडल्यावर स्प्रिंग आणि पातं यांच्यामधून उजेड दिसता कामा नये. एवढं जमलं की मधल्या किमतीतला चाकूसुद्धा जन्मभर पुरतो."

"जन्मभर नको," ती म्हणाली. "तुम्ही नुसते उघडून दाखवा. मी ऐकते."

आणि खरंच डोळे मिटून उभी राहिली. तिने तो चाकू हातात असा कधी घेतलाच नव्हता. तिला तो माहीत होता आवाजाने आणि त्याने फाडलेल्या खिशांनी. अर्ध्यावर एक टक, पुरता उघडला की दुसरी टक, जरा खालच्या सुरातली. अंगणातून तो आवाज आला की ती चहा टाकायची.

सगळ्यात महागडा चाकू लोण्यासारखा उघडला. "हा मुका आहे," ती म्हणाली. दुसरा खुळखुळला. तिसऱ्याची नुसती एकच टक. दुकानदाराला आता गंमत वाटू लागली होती. काळपट लाकडी मुठीचा, ना स्वस्त ना महाग असा एक त्याने उघडला. टक. टक.

"हाच."

"कान तयार आहे तुमचा."

"सवतीचा आवाज आहे. न ओळखून कसं चालेल?" दुकानदाराला काही कळलं नाही, तो आपला भिडेखातर हसला. "आता याची धार घालवून द्या," ती म्हणाली.

त्याचं हसू मावळलं. "बाई, धारेचेच तर पैसे घेतो मी."

तिने वाद घातला नाही. मनगट उलटं करून काचेवर ठेवलं. आडवी-उभी चीर भरून आली होती, पण दिसत होती. "आमचे हे गुलाबाचे डोळे भरायचे," ती म्हणाली. दुकानदार त्या मनगटाकडे बघत राहिला. मग चाकू घेऊन मागे गेला, आणि धारेचं चाक बराच वेळ फिरत होतं. चाकू परत देताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

घरी कलमवाल्याने चाकू उघडला. टक. टक. खांदे खाली आले, चेहरा सैलावला. तिला वाटलं, जिंकली. तेवढ्यात त्याने पातं अंगठ्याच्या नखावर टेकवलं. ते घसरलं. "धार गेलीय याची," तो म्हणाला, आणि उठून खिडकीतला दगड घेतला. ती खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून ठेवलेला तो धार लावायचा दगड कुणाच्याच ध्यानात राहिला नव्हता. त्याच्याखेरीज.

मग तेच रोजचं झालं. तो पाणी शिंपडून सकाळभर धार लावायचा आणि पोटभर जेवून निजायचा. तो निजला की ती मागच्या पायरीवर बसून ती धार मोडायची. उठल्यावर त्याला काही आठवायचं नाही. जगाच्या दृष्टीने वेडेपणा, पण घर चाललं होतं.

एका दुपारी ती पायरीवर पातं घासत असताना मागून त्याचा हात आला आणि त्याने तिचं मनगट धरलं.

"असं नाही, पोरी," तो म्हणाला. "पातं उभं धरलंस की धार मरते. नवीन लागलीस का नर्सरीत?"

"हो," ती कशीबशी म्हणाली.

तो शेजारी बसला. दुसऱ्या हातातला दगड मांडला. तिच्या हातावर हात ठेवून पातं आडवं केलं. "पाठ जराशी उचल. नाण्याएवढी, बास. दाबू नकोस, पुढे सोड. हां." थोडा वेळ दोघांचे हात बरोबर फिरले. मग तो आपल्याशीच हसला. "माझी बायको या चाकूला सवत म्हणते. रागावते, आणि फाटलेले खिसेही तीच शिवते."

"तिला शिकवलंत का कधी हे?"

"राहून गेलं," तो म्हणाला. "शिकवायला हवं होतं. हात फार चांगला आहे तिचा."

कलमवालीचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता.

त्याने पातं तिच्या नखावर टेकवलं. रुतलं. चाकू मिटून त्याने तिच्या तळहातावर ठेवला. "तुला ठेव हा. घरी मात्र उंचावर ठेवायचा. म्हातारं माणूस असेल तर त्याच्या हाताला लागू देऊ नकोस."

तो आत जाऊन खाटेवर बसला. थोड्या वेळाने खिसे चाचपू लागला. "अगं, माझा चाकू पाहिलास का?"

"बघते," ती पायरीवरून म्हणाली. पातं उघडून तिने पुन्हा एकदा नखावर टेकवून पाहिलं. एवढी एकच गोष्ट त्याने तिला शिकवली होती. आतून पुन्हा हाक आली. मग ज्याने धार मरते असं त्याने सांगितलं होतं, तसंच पातं उभं धरून ती पायरीवर घासू लागली.

चाकू हातात पडताच त्याने तो उघडला. टक. टक. मग नखावर टेकवला.

"धार गेलीय याची," तो म्हणाला. "दगड कुठेय?"

तिने दगड त्याच्यापुढे ठेवला आणि वाटीत पाणी आणून दिलं.