एका आडनावाची मोजदाद

साहेबांचं आडनाव आमच्या ऑफिसात कुणालाच नीट म्हणता यायचं नाही. केरळचा पीआरओ ते एका तऱ्हेनं म्हणायचा, इजिप्तचा प्लॅनर दुसऱ्याच, आणि ड्रायव्हर मंडळींनी त्याचे दोन तुकडे करून पुढचा अर्धाच ठेवला होता. साहेब सगळ्यांना ओ द्यायचे.

मी दुबईतल्या त्या कन्सल्टन्सीत डॉक्युमेंट कंट्रोलर. ड्रॉइंगं नोंदवायची, पत्रांना नंबर द्यायचे, साईटवर येणाऱ्या प्रत्येक माणसाचे कागद तपासून गेट पाससाठी पुढे पाठवायचे, हे माझं काम. साहेब चीफ क्वांटिटी सर्व्हेयर. इंग्रज, साठी उलटलेली, पत्नी वारलेली, एकुलती मुलगी इंग्लंडमध्ये. हयात विटा आणि काँक्रीट मोजण्यात गेलेली. एका दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"माझे डोळे जाताहेत," ते म्हणाले. "कडेचं दिसतं, पण जिथे बघतो नेमकं तिथलंच पुसट होतं. ऑफिसचं मी निभावतोय. पण घरी एक काम अर्धवट राहिलंय. ते दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांनी पुरं करावं लागेल."

ते काम म्हणजे त्यांच्या आडनावाची मोजदाद. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल म्हणून भाग आहे. तिथल्या एका वाडीवरून हे आडनाव पडलेलं. आमच्याकडे गावाच्या नावाला 'कर' लावतात, तसंच. मी तसं सांगितलं तेव्हा साहेबांना फार आवडलं. "मग तुझ्या माहेरच्या आडनावाची घरं किती?" त्यांनी विचारलं. ती आमच्याकडे कधी कुणी मोजलीच नव्हती.

पुढे जवळजवळ दोन वर्षं दर शनिवारी सकाळी मी अल कुसैसहून बर दुबईला त्यांच्या फ्लॅटवर जात होते. सोबत माझी मुलगी असायची. मी लॅपटॉपवर तक्ता भरत असताना साहेब तिला गणित शिकवायचे, तोंडी. ती मराठीत विचारलं तरी इंग्रजीतच उत्तर देणारी, त्यामुळे त्या दोघांचं छान जमलं. खिडकीतून खाली खाडी दिसायची, अब्रा म्हणजे तिथल्या लाकडी होड्या इकडून तिकडे जायच्या. टेबलावर जुन्या जनगणनेच्या प्रती, चर्चच्या नोंदवह्यांची छापील पानं, टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टऱ्या. मी वाचायची, साहेब डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, हा अमक्याचा मुलगा, हा कथलाच्या खाणीत गेला तो, हा ऑस्ट्रेलियाला.

तक्त्याबरोबर आम्ही नकाशेही करायचो. दर दहा वर्षांचा एक. पहिल्या नकाशावर एकाच गावात ठिपक्यांची दाटी. मग कथलाला भाव उरला नाही, खाणी बंद पडल्या आणि ठिपके पांगले. काही उत्तरेला कोळशाकडे गेले, बरेच समुद्रापार. नंतरच्या नकाशांवर त्या मूळ गावात एकही ठिपका नव्हता. तो नकाशा पुरा झाला त्या दिवशी साहेब माझ्या मुलीला म्हणाले, "आज आपण गणित नको करूया."

एका सकाळी मी विचारलं, "साहेब, या मुली पुढे कुठे जातात? जन्माला दिसतात, मग एकदम नाहीशा."

"लग्न झालं की त्यांची ओळ संपते. माझ्या मुलीचीसुद्धा संपली."

मी माझ्या लग्नानंतर बदललेल्या पासपोर्टबद्दल काही बोलले नाही. पुढची ओळ वाचली.

ती पुढची ओळ त्यांच्या आजोबांच्या थोरल्या भावाची होती. त्यांच्याबद्दल साहेब आदराने बोलायचे. हा माणूस तरुणपणी परदेशी खाणीत फोरमन होता, धूळ फुप्फुसांत घेऊन परत आला, धाकट्या भावाला घर बांधून दिलं आणि स्वतः एकटा राहून वारला. घराण्यातला सज्जन पुरुष. साहेबांनी सांगितलं ते मी टाईप केलं : अविवाहित, निःसंतान.

त्याच वर्षी आमच्या एका साईटवर पाईपच्या कामाला नव्या सबकॉन्ट्रॅक्टरची माणसं आली. साठ-सत्तर पासपोर्टच्या प्रती माझ्या टेबलावर. बहुतेकांची नावं ओळखीच्या वळणाची. अशात एक प्रत उलटली आणि माझा हात थांबला. वेल्डर, भारतीय, जन्मस्थळ कर्नाटकातलं कोलार. आडनावाच्या जागी साहेबांचं आडनाव. एका अक्षराचाही फरक नाही. साईटवर त्याला सगळे पहिल्या नावानं आणि बिल्ला नंबरानं ओळखत होते, म्हणून हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

मी लगेच साहेबांकडे धावले नाही. कुणाचे कागद कुणाला दाखवायचे याचे नियम मलाच इतरांना सांगावे लागतात. दोन दिवसांनी साईटवर गेले तेव्हा त्या वेल्डरला गाठलं. पन्नाशीकडे झुकलेला, सडपातळ, सावळा माणूस. वेल्डिंगचा मुखवटा वर सरकवून त्यानं माझं म्हणणं ऐकून घेतलं.

"साब का भी यही नाम है?" तो हसला नाही. "मॅडम, मजाक तो नहीं ना? इस नाम का बहुत मजाक हुआ है हमारे साथ."

"मजाक नाही," मी म्हणाले. "त्यांना सांगू का, एवढंच विचारते."

त्यानं हातमोजे काढले, पुन्हा घातले. "बताओ," म्हणाला.

साहेबांनी ऐकलं आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "स्पेलिंग चुकलं असेल." मी म्हटलं, नाही. मग म्हणाले, "कुण्या मिशनऱ्यानं दिलं असेल." ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं पाठमोरेच म्हणाले, "कोलार. सोन्याची खाण. आमच्या भागातले कितीतरी लोक तिथे गेले होते. मी ऑस्ट्रेलिया मोजली, आफ्रिका मोजली. तिथे बघायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही."

वेल्डरला फ्लॅटवर बोलावलं तर तो येईना. कपडे कसले घालू, म्हणाला. शेवटी साहेबच निघाले. रविवारी दुपारी मी त्यांना गाडीतून मुहैस्नाहला, त्याच्या लेबर कॅम्पवर घेऊन गेले. या देशात इतकी वर्षं काढून साहेब कॅम्पच्या आत प्रथमच येत होते, आणि खरं सांगायचं तर मीही. गेटवरच्या वॉचमननं वहीत आमची नावं लिहून घेतली. मेसच्या हॉलमध्ये पंखे फिरत होते, दोऱ्यांवर कपडे वाळत होते. वेल्डर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभा होता. त्यानं कुठून तरी गाद्यांच्या दोन खुर्च्या मिळवल्या होत्या. स्वतः बाकावर बसला.

चहा आला. मी मधली, एकाचं इंग्रजी आणि दुसऱ्याचं हिंदी इकडून तिकडे नेणारी. मीच सुरुवात केली.

त्यानं सांगितलं ते साधं होतं. त्याच्या आजोबांची आई खाणीतल्या गोऱ्या फोरमनच्या बंगल्यावर कामाला होती. मूल झालं. फोरमननं चर्चमध्ये नेऊन मुलाचा बाप्तिस्मा करवला आणि वहीत बाप म्हणून स्वतःचं नाव लिहवलं. मुलगा चार वर्षांचा असताना फोरमन खोकल्यानं खंगला, रजेवर घरी गेला आणि परत आला नाही. पत्रंही आली नाहीत. आजोबा, वडील, दोघंही पुढे त्याच खाणीत राबले. खाण बंद झाल्यावर हा वेल्डिंग शिकला आणि इकडे आला.

त्याच्या बहिणीनं गावाहून चर्चच्या त्या नोंदीचा फोटो पाठवला होता. मी मोबाईल मोठा करून वाचून दाखवला : मुलाचं नाव, आईचं फक्त पहिलं नाव, मग बापाचं पूर्ण नाव आणि त्याचं मूळ गाव.

साहेबांनी पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. घरातलं एखादं दार भिंतीतलं कपाट समजून जन्मभर तसंच ठेवलं आणि ते उघडल्यावर आत माणसं बसलेली निघाली, असा.

"ते माझ्या आजोबांचे भाऊ," ते म्हणाले. "आमच्या घरी सांगायचे, त्यांना कुणी नव्हतं."

मी हे हिंदीत सांगितलं. वेल्डरनं मान हलवली. त्याला त्यात नवल वाटलं नसावं. मग तो माझ्याकडे वळला. "मॅडम, साब से एक बात पूछनी है."

खोटं कशाला बोलू, मी मनातून धास्तावले. इंग्लंडचा व्हिसा, ओळख, चिठ्ठी, असं काहीतरी मागेल आणि हा सगळा प्रसंग अवघड होईल, असं वाटलं. साहेबही सावरून बसले.

"ये नाम बोलते कैसे हैं? सही में?"

साहेबांनी आपलं आडनाव उच्चारलं. पहिल्या अक्षरावर जोर देऊन, नेहमी फोनवर सांगतात तसं.

वेल्डर म्हणाला, "हम लोग अलग बोलते हैं. गलत होगा." आणि त्यानं उच्चारलं. त्यानं जोर दिला तो मधल्या अक्षरावर, आणि शेवट थोडा लांबवला.

साहेबांनी चष्मा काढला. "पुन्हा म्हण," ते म्हणाले. त्यानं पुन्हा म्हटलं.

"माझे आजोबा असंच म्हणायचे," साहेब मला म्हणाले, अगदी हळू. "जुन्या लोकांची हीच पद्धत. मला शाळेत पोरं हसली म्हणून मी बदललं. त्यांच्यानंतर असं म्हणणारा कुणी मी ऐकला नव्हता. याला सांग, चुकत असेन तर मी चुकतोय."

मी सांगितलं. वेल्डर उठला आणि साहेबांच्या कपात उरलेला गार चहा ओतून टाकून गरम घेऊन आला.

निघताना साहेब गाडीत बसले आणि वेल्डर मला गेटपर्यंत सोडायला आला. तिथे थांबला. "मॅडम, मेरे दो बेटे हैं. दोनों के सर्टिफिकेट में ये नाम नहीं है. स्कूल में डाला ही नहीं मैंने. पीछे मेरा नाम लगाया, खलास. बच्चों को कोई पूछे नहीं कि बाप कौन था. साब को मत बताना."

मी बरं म्हटलं. पुढच्या शनिवारी साहेबांनी तो शब्द खोडायला लावला. 'निःसंतान' गेलं. त्या जागी कोलारची शाखा आली. त्यात त्यांनी त्या बाईचं पहिलं नावही घालायला लावलं, इतर कुठल्याच ओळीत आईचं नाव नसताना. आजोबा, वडील, वेल्डर. मग म्हणाले, "मुलगे आहेत ना त्याला? लिही."

माझी बोटं कीबोर्डवर थांबली. इतकी वर्षं कागदांवर खरं-खोटं तपासण्यातच माझी नोकरी गेलीय. "विचारून घेते," मी म्हणाले, आणि रकाना मोकळा ठेवला. ते पुढे कितीदा विचारायचे. मी कधी सुट्टीचं, कधी फोन न लागल्याचं निमित्त सांगायची. त्यांना तक्त्यात ती जागा दिसत नव्हती, याचा मी फायदा घेतला. ते मला आजही टोचतं.

वेल्डरची कंपनी पुढे अबूधाबीकडे गेली. दर रविवारी तो साहेबांना फोन करायचा. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. तरी पाच-सात मिनिटं चालायचं. जेवलास का, ऊन फार आहे का, असंच. नंतर साहेबांचे डोळे अगदीच गेले आणि त्यांची मुलगी येऊन त्यांना इंग्लंडला घेऊन गेली. विमानतळावर त्यांनी माझ्या मुलीला पाढा विचारला. तिनं तो म्हटला, आणि मग रडली.

हिवाळ्यात त्यांच्या मुलीची मेल आली. साहेब झोपेतच गेले. तक्ता तिच्याकडे होता. एक रकाना मोकळा का आहे, बाबा शेवटपर्यंत त्याबद्दल विचारत होते, असं तिनं लिहिलं होतं.

मी आधी वेल्डरला फोन केला. साहेब गेल्याचं सांगितलं आणि विचारलं, आता त्यांच्या मुलीला खरं सांगू का. त्याच्या मागे ग्राइंडरचा आवाज येत होता. "बता दो," म्हणाला. "साब को भी बता देना था. मेरी गलती."

"तुमची नाही," मी म्हणाले. "दोघांची."

मी साहेबांच्या मुलीला सगळं लिहिलं. तिचं उत्तर दोन ओळींचं होतं. नाव तर मीही टाकलं, त्यांना दोष कसला देऊ. आणि त्यांचा नंबर मिळेल का?

त्या आठवड्यात वेल्डरनं अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि बसनं दुबईला आला. इथे त्याच्या पंथाचं चर्च आहे, तिथे त्याला साहेबांसाठी प्रार्थना करवायची होती. मी सोबत गेले. चर्चच्या ऑफिसात एका बाईंनी छापील चिठ्ठी पुढे केली. मृताचं नाव, आणि खाली, शोकात असलेलं कुटुंब. त्यानं पहिल्या ओळीवर साहेबांचं पूर्ण नाव लिहिलं. दुसऱ्या ओळीपाशी पेन टेकवून माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, मोठ्या, सुट्या अक्षरांत.

बाईंनी चिठ्ठी वाचली. दोन्ही आडनावं एकच बघून सहज विचारलं, "बड़े भाई थे?"

"हाँ," तो म्हणाला. "घर के बड़े थे."

मी मागच्या बाकावर जाऊन बसले. प्रार्थना तमिळमध्ये होती, कोलारच्या खाणकामगारांची तीच भाषा; मला त्यातलं काही कळलं नाही. ती संपल्यावर त्यानं मला बसस्टॉपवरूनच निरोप दिला. त्याला संध्याकाळच्या शिफ्टच्या आत साईटवर पोचायचं होतं.